डावी पापणी

४ जुलै

सिस्टर,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला तर त्याच्यापुढे एकच बारीक खूण उमटते आणि दिवसचे दिवस तशीच राहते. म्हणून शेवटी कागद घेतला. कागद न वाचता फाडायचा म्हटला तरी निदान हातात धरावा लागतो, आणि हातात आलेलं काही न वाचता टाकणारी तू नाहीस. औषधाच्या बाटलीवरचं मुंगीएवढं अक्षरसुद्धा वाचतेस.

मायना काय लिहावा यातच अर्धा तास गेला. 'प्रिय' लिहिलं असतं तर तू हसली असतीस, तेही चांगलं नाही. मग जुनंच लिहिलं. बायकोला सिस्टर म्हणणारा मी एकटाच असेन. पण तुमच्या हॉस्पिटलात ओळखपत्रांचे फोटो काढायला आलो तेव्हा सगळेच तुला तसं म्हणत होते, मीही म्हटलं, आणि तोंडात बसलं ते बसलं.

आता मुद्द्याचं. खारू रविवारी व्हिडिओवर येत नाही, नुसता आवाज देते, याचं खापर तू माझ्यावर फोडलंयस असं तुझ्या भावाकडून कळलं. मी म्हणे तिला तुझ्याविरुद्ध फितवतो! अगं, ती माझं ऐकत असती तर मी तिला आधी वेळेवर अंघोळीला नसतं का धाडलं? बारा वर्षं आणि चार महिन्यांची झाली तुझी लेक. गेल्या वर्षी तू सुट्टीत आलीस तेव्हा पाठीवर बसून फिरायची. आता मी खोलीत पाऊल टाकलं की "काय?" एवढाच शब्द, आणि तोही दारातच. उंची चार बोटं वाढलीय. नाक चेहऱ्याच्या आधी मोठं झालंय, हे तिनेच मला सांगितलं, मी नाही.

व्हिडिओवर येत नाही कारण या वयात पोरींना स्वतःचं तोंड आवडत नाही. एवढंच. त्यात शाळेत ओळखपत्राचा काहीतरी घोळ झाला, वॉचमन काहीतरी बोलला, चार पोरं हसली. शाळा म्हटली की हे आलंच. दोन दिवस घरी राहिली, जाईल तिसऱ्या दिवशी.

तू फक्त एक कर. पुढच्या रविवारी तिला व्हिडिओ लाव म्हणून आग्रह करू नकोस. आणि तुझ्या जुन्या फोनमध्ये तिचे लहानपणीचे फोटो असतील तर बघून ठेव. सहज म्हणतोय. माझ्याकडे ढिगाने आहेत, पण तू काढलेले वेगळे असतील.

दुकान ठीक. शेजारचे किल्लीवाले काका तुझी चौकशी करतात.

फोटोवाला


१३ जुलै

सिस्टर,

उत्तर नाही. ठीक आहे, माझ्या मागच्या पत्राला मीही उत्तर दिलं नसतं. त्यात जे लिहिलंय ते सगळं खरं आहे आणि जे लिहायला हवं होतं ते एकही नाही.

खारू शाळेत गेलेली नाही. आज अकरावा दिवस.

कार्डाचं नीट सांगतो. शाळेची ओळखपत्रं दरवर्षी मीच करतो, तुला माहीत आहे. यंदा चारशे बारा मुलं, चार दिवसांत द्यायची. एकेक चेहरा समोर येतो: मागचं पांढरं कर, कॉलर सरळ कर, पुटकुळ्या पूस, सांडलेले केस आवर, पुढचा. शंभराच्या पुढे गेलं की माणूस दिसत नाही, हात आपोआप चालतो. तिचा चेहराही त्याच रांगेत आला आणि हाताने त्याच्या सवयीचं केलं. तिचा उजवा डोळा उचलला, उलटा केला, डाव्या जागी बसवला. डावी खाली उतरलेली पापणी गेली, दोन्ही सारख्या. अर्ध्या मिनिटाचं काम.

गेटवर नवा वॉचमन आहे. त्याने कार्ड बघितलं, तिच्याकडे बघितलं, परत कार्ड बघितलं. म्हणाला, "ताई, हे बहिणीचं कार्ड आणलंस का?" बिचाऱ्याने चांगल्या मनाने विचारलं असेल. मागे वीस पोरांची रांग होती.

मधल्या सुट्टीत ती शाळेतून निघून थेट दुकानात आली. खुर्चीवर पासपोर्टच्या फोटोला एक गृहस्थ बसले होते. ते जाईपर्यंत दाराशी गप्प उभी राहिली. गिऱ्हाइकासमोर घरचं काही काढायचं नाही हे मीच शिकवलंय ना. ते गेल्यावर कार्ड काउंटरवर ठेवलं, माझं भिंग त्यावर धरलं आणि म्हणाली, "ठिपके बघा."

ठिपके म्हणजे डोळ्यात चमकतो तो दिवा. माझा मोठा दिवा खुर्चीच्या एका बाजूला असतो, म्हणून दोन्ही डोळ्यांत तो एकाच बाजूला चमकला पाहिजे. डोळा उलटा करून चिकटवला की ठिपकाही उलटतो, दोन्ही ठिपके नाकाकडे बघायला लागतात. मोठ्या फोटोत मी तो हलवतो. कार्डाच्या साइजला कोण बघतंय म्हणून सोडून देतो. हे बघायचं कसं तेही तिला मीच शिकवलं होतं. सात वर्षांची असताना स्टुलावर उभी राहून दुसऱ्या दुकानांचे फोटो तपासायची आणि "बाबा, यांनी चिकटवलाय!" म्हणून ओरडायची. मला केवढं कौतुक.

त्या वेळी मी काय बोललो माहितीये? "लहान साइजला कोणाला दिसतंय, बेटा." सिस्टर, माफ कर म्हणायला दोन शब्द लागतात. मी साइजबद्दल बोललो.

ती म्हणाली, "मग खरा पण करून द्या."

मला वाटलं कार्ड दुरुस्त करून मागतेय. म्हटलं, आत्ता करतो, दोन मिनिटांत खरा फोटो काढून नवं छापतो. तर म्हणाली, "कार्ड नाही. डोळा. कार्डावर केलात तसा खरा पण करून द्या. नाहीतर मी दोन तोंडं घेऊन कशी जाऊ?"

तेव्हापासून मला 'तुम्ही' म्हणते. आदरापोटी म्हणत असेल असं समजू नकोस.

शाळेतल्या समुपदेशक बाई परवा घरी येऊन गेल्या. तरुण आहेत, चांगल्या आहेत. खारू त्यांच्याशी दाराआडून बोलली. मग बाईंनी मला बसवून समजावलं. या वयात म्हणे मेंदूत बांधकाम निघालेलं असतं. भावना उसळवणारा भाग आधी तयार होतो आणि तोलून मापून बघणारा भाग, कपाळामागचा, सगळ्यात शेवटी, पंचविशीपर्यंत त्याचं काम चालतं. मधली दहाबारा वर्षं घोडा आहे पण लगाम अर्धवट. त्यातून बारा-तेराव्या वर्षी मेंदूला एकच नाद लागतो, लोकांना मी कशी दिसते. प्रत्येक पोराला वाटतं आपल्यावर दिवा लावलाय आणि सगळं जग समोर बसून बघतंय. "प्रत्यक्षात कोणी बघत नसतं," बाई म्हणाल्या, "कारण बाकीची पोरं आपापल्या दिव्याखाली उभी असतात."

मी म्हटलं, बाई, हिच्याकडे तर खरंच वीस जणांनी बघितलं. "हो," म्हणाल्या, "म्हणून हिचं जरा अवघड आहे."

आणखी एक सांगितलं त्यांनी, ते माझ्या डोक्यातून जात नाही. मेंदू या वयात वापरात नसलेल्या वाटा बुजवतो आणि रोजच्या वापरातल्या वाटा पक्क्या करतो. हे चांगलं म्हणून सांगत होत्या, शिकायचं वय असतं वगैरे. मी विचारलं, आणि रोज चारचार तास आरशासमोर बसून स्वतःला नावं ठेवली तर? त्यावर बाईंनी "वेळेत मदत घेऊ या" असं काहीतरी म्हटलं आणि पर्स उचलली.

चार तास मी अंदाजाने लिहिलं नाही. ती प्लास्टिकची पट्टी डोळ्यासमोर धरून पापणी मोजते. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. वहीत तारखा घालून लिहिते. तिचं म्हणणं आहे की पापणी रोज खाली येतेय.

तू फोन कर ना. माझ्याशी बोलू नकोस, तिच्याशी बोल. मी तेवढ्यापुरता घराबाहेर जाईन.

फोटोवाला


२१ जुलै

सिस्टर,

रविवारी तू पंचावन्न मिनिटं बोललीस तिच्याशी. मी किल्लीवाल्या काकांच्या दुकानात बसलो होतो. घरी आल्यावर विचारलं, काय म्हणाली आई? "जेव म्हणाली." पंचावन्न मिनिटांत एवढंच कसं होईल? पण माझ्या वाट्याला तेवढंच आलं.

काल तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. यायला तयार झाली कारण मोजायचं म्हटलं. वही बरोबर घेतली. डॉक्टरबाई वयस्क, बोलायला रोखठोक. त्यांनी वही हातात घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, हसल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी. मग त्यांची स्वतःची बारीक पट्टी काढून मोजलं. वर बघ, खाली बघ, माझ्या बोटाकडे बघ. बाहुल्यांवर टॉर्च मारली. "दमल्यावर जास्त खाली येते का? दोन दोन दिसतं का? डोकं दुखतं का?" खारू सगळ्याला "माहीत नाही" म्हणाली. मग डॉक्टर मला म्हणाल्या, "ही हनुवटी वर करून बघते का हो? अशी पापणी असलेली मुलं हनुवटी उचलून बघतात, खालून जागा मिळवतात."

मी काय सांगणार? नऊ वर्षं मी तिला "हनुवटी खाली, खारू, हनुवटी खाली" करतोय.

डॉक्टरांचं म्हणणं असं. जन्मापासून पापणी एवढीच असेल तर काळजीचं काहीच नाही. नजर चांगली आहे. पुढे तिला स्वतःला वाटलं तर छोटं ऑपरेशन करता येतं, नाही वाटलं तर आयुष्यभर तशीच राहू दे. पण खरोखर आत्ता खाली यायला लागली असेल, तर मेंदूकडून पापणीला येणाऱ्या नसेचं काही आहे का ते बघावं लागेल. मोठं मशीन, इंजेक्शन, रक्ताच्या तपासण्या. ती तीन वर्षांची असताना आपण दाखवलं होतं तो कागद मी नेला होता. त्यावर त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी लिहिलंय, "डावी पापणी किंचित खाली." या बाई म्हणाल्या, "किंचित म्हणजे किती? माप कुठाय?" माप नाही.

मग त्यांनी खुर्ची मागे ढकलली आणि अगदी मोकळ्या आवाजात म्हणाल्या, "त्यात काय एवढं! जुने फोटो घेऊन या. दर वर्षीचा एक. आम्ही नेहमी तेच बघतो. तुम्ही तर फोटोग्राफरच ना? मग प्रश्नच मिटला."

खारू हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली, आणि थांबेचना. डॉक्टरबाई एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिल्या. मी टेबलावरच्या डोळ्याच्या प्लास्टिकच्या मॉडेलकडे बघत बसलो.

तुला आता सांगायलाच हवं, तिला आधीच कळलंय. कार्डाच्या दिवशी तिने घरातले सगळे अल्बम काढले, भिंग घेऊन बसली. बालवाडीपासून एकूण एक. वाढदिवस, सहल, स्नेहसंमेलन, शाळेचे वर्गाचे फोटोसुद्धा, तेही माझेच ना. दुकानाच्या काचेत तिचा पाच वर्षांचा मोठा फोटो असायचा, त्यात मी ठिपका हलवला होता, पण पापण्यांचे केस मोजून तिने तोही पकडला. दोन्ही डोळ्यांना एकाच ठिकाणी एकच वाकडा केस. काचेतून तो उतरवून तिने भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. मी परत लावलेला नाही.

तू विचारशील मूळ फाइली कुठायत. नाहीत. मी नीट केलेला फोटो त्याच नावाने त्याच जागी ठेवतो, खालचा आपोआप जातो. गिऱ्हाइकांचेही तसेच. दोन दोन प्रती ठेवायला कुठे जागा आहे, असं मी नेहमी म्हणायचो. फोनवर काढलेलेसुद्धा संगणकात घेऊन, नीट करून, फोन साफ. बालवाडीच्या आधीचेही मी मागाहून असेच नीट केले. नऊ वर्षांचे माझे सगळे फोटो आहेत, आणि त्यांत तुझी लेक एकदाही नाही.

हाताची सवय असं मी मागच्या पत्रात लिहिलं. ती सवय कशी लागली ते लिहिलं नाही. बालवाडीच्या अर्जाला पहिला फोटो लावला तेव्हा काउंटरवरची बाई म्हणाली होती, "अय्या, झोपेतला लावलाय का?" तुला आठवतं? तू म्हणालीस, "नाही, जागी आहे, अशीच आहे." किती सरळ म्हणालीस. मी तिथून निघून दुकानात आलो आणि डोळा चिकटवला. मला लाज वाटली होती, सिस्टर. तिची नाही, धंद्याची, फोटोवाल्याच्याच पोरीचा फोटो असा, असं मी स्वतःला सांगत आलो. तिचीच वाटली होती. पुढे तू पकडलंस, "पोरगी तुझ्या काउंटरवरचं गिऱ्हाईक नाही" म्हणालीस, मी शपथ घेतली, आणि त्याच आठवड्यात परत केलं. तू नोकरीसाठी लांब गेलीस असं मी लोकांना सांगतो. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं.

आता ऐक. मशीनची तारीख सहा ऑगस्ट, सकाळी आठ. त्याआधी जुने खरे फोटो मिळाले आणि पापणी तेव्हाही एवढीच दिसली, तर डॉक्टर तपासणी रद्द करतील, तसं त्या म्हणाल्या आहेत. खारूने 'मेंदू' शब्द ऐकल्यापासून ती काही खात नाही. काल म्हणाली, "म्हणजे आत पण बिघडलंय." तिची समजूत कशी काढू? मी काहीही म्हटलं की ती नुसती माझ्याकडे बघते.

तुझा फोन बघ. जुना, त्याच्याही आधीचा, जो असेल तो. डोळे उघडे असलेला एक. एकच पुरे.

फोटोवाला


२९ जुलै

सिस्टर,

पाकीट मिळालं. मला चिठ्ठी नव्हती, अपेक्षाही नव्हती. एकतीस फोटो, पाठीमागे तुझ्या अक्षरात तारखा. छापून घ्यायला कोणाकडे गेलीस? कागद बरा आहे.

खारूने काउंटरवर ओळीने मांडले. दोन वर्षांची, तीन, चार, पाच, सहा. उशीला मिठी मारलेली. पाय भिंतीवर टाकलेली. शाळेच्या कपड्यांतच आडवी झालेली. तुझ्या ओढणीत गुंडाळलेली. सगळे झोपेतले.

पहिल्या दहा फोटोंना मला काही लक्षात आलं नाही. मी नुसता बघत होतो, किती गोड दिसत होती. मग मी भराभर पुढचे बघायला लागलो, आणि शेवटच्यापर्यंत तेच.

तुझी ड्यूटी संपायची तेव्हा ती झोपलेली असायची, आणि ती उठायची तेव्हा तू. तू घरी येऊन, पर्स खांद्यावर तशीच ठेवून, आधी तिच्या पलंगाशी जायचीस, हे मी बघितलंय. फोटो काढत होतीस ते माहीत नव्हतं.

खारूने शेवटचा फोटो खाली ठेवला. मग म्हणाली, "आईने मला जागी कधी बघितलंच नाही का?"

मी तिला रागावलो. गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा आवाज चढवला. म्हटलं, असं बोलायचं नाही, तुझी आई बारा बारा तास उभी राहायची, कोणासाठी? दिवसा तू शाळेत असायचीस, ती काय शाळेत येऊन फोटो काढणार होती? ती म्हणाली, "मी काय वाईट बोलले? मी फक्त विचारलं." आणि खरंच तिने फक्त विचारलं होतं.

मग तिने दोन फोटो उचलले, चार वर्षांचा आणि सहाचा, डोळ्यांजवळ नेले. "झोपेत दोन्ही सारख्याच आहेत," म्हणाली. "झोपलेली असले की मी बरोबर असते." फोटो गोळा केले आणि खोलीत घेऊन गेली. उशीखाली ठेवलेत. मोजायची वहीही तिथेच आहे.

तू अपराधी वाटून घेऊ नकोस असं लिहिणार होतो. मी कोण सांगणारा? पण तू पाठवलेस हे चांगलं केलंस. डॉक्टरांना उपयोग नाही, एवढंच.

फोटोवाला


१ ऑगस्ट

सिस्टर,

हे पत्र तातडीच्या कुरिअरने पाठवतोय, परवा मिळेल.

दोन दिवस मी दारोदार हिंडलो. तिच्या मैत्रिणींच्या आयांकडून फोनवरचे फोटो मागितले. तीन मिळाले. एकात ती जीभ काढून डोळे मिटून उभी आहे, एकात पाठमोरी, एकात वाढदिवसाची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. मग म्हटलं, फोटो नाही तर नाही, माणसांना आठवत असेल. किल्लीवाले काका रोज तिला बघतात. म्हणाले, "पापणी? आपल्या खारूची? मला वाटायचं पोरगी मिश्कील आहे, डोळा बारीक करून हसते." बालवाडीच्या बाई भेटल्या. त्यांना चांगलंच आठवत होतं, उजवी पापणी. मी नमस्कार करून निघालो.

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, जुने नसतील तर निदान आजचा एक काढून ठेवा, पुढे ताडून बघायला कामाला येईल. आज दुपारी खारूला विचारलं. वाटलं होतं दार आपटेल. पण आली, खुर्चीवर बसली. मी दिवा लावला, कॅमेऱ्यामागे गेलो आणि सवयीने म्हणालो, "हनुवटी..." तिने हनुवटी वर घेतली, तिला हवी तेवढी. तशीच थांबली. मी फोटो काढला. ती उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली, आणि फाइल संगणकातून डॉक्टरांच्या पेनड्राइव्हवर जाईपर्यंत माझ्या हातावरची नजर काढली नाही.

मग म्हणाली, "मी लहान असताना एवढीच होती का?"

मी म्हणालो, "हो."

"नक्की?"

"अगदी नक्की. एवढीच होती. रेघभर कमीजास्त नाही."

"कशावरून?"

मी दिवा बंद करायला उठलो. ती म्हणाली, "जाऊ द्या बाबा. तुम्ही बरं वाटेल असंच सांगणार," आणि खोलीत गेली. चिडून नाही गेली गं. माझीच कीव आल्यासारखं बोलली.

आता जे लिहितोय ते तिला माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. मला आठवत नाही. बाप आहे, रोज समोर आहे, हिला भरवलंय, हिचे केस विंचरलेत, आणि मला आठवत नाही. डोळे मिटले की ती तीन वर्षांची, पिवळ्या फ्रॉकमध्ये, स्टुलावर बसलेली दिसते आणि दोन्ही डोळे टक्क उघडे, सारखे. तशी ती कधीच नव्हती. ती मी केलेली आहे. इतक्या वेळा केली की खालची माझ्याही डोक्यातून गेली. तिच्या वहीतले आकडे खरे आहेत की तिला तसं वाटतंय, हे सांगायला जगात दोनच माणसं होती, आणि त्यातला मी बाद आहे.

तू राहिलीस. तू तिला जागी कमी बघितलंस, मान्य. पण बघितलंस तेव्हा नुसती बघितलीस. तू सिस्टर आहेस, रोज शंभर डोळ्यांत टॉर्च मारतेस. आठव. पापणी बाहुलीच्या वर होती, कडेला टेकत होती, की बाहुली झाकत होती? तू गेल्या वर्षी आलीस तेव्हा किती होती? व्हिडिओवर शेवटचं बघितलंस तेव्हा?

मला कळवू नकोस. मी सांगितलेलं तिला खरं वाटणार नाही. पत्र तिच्या नावाने पाठव, तुझ्या अक्षरात, तिला पाठ आहे तुझं अक्षर. मी पाकीट उघडणार नाही. पाच तारखेपर्यंत मिळायला हवं, सहाला सकाळी आठ वाजता तिला आत नेतील. मी दाराबाहेर असेन, त्याच्या आत मला येऊ देत नाहीत.

आणि तुलाही आठवत नसेल तर तिला तसंच लिही. आठवत नाही, एवढंच. तिला धीर यावा म्हणून एक रेघसुद्धा कमीजास्त करू नकोस.

फोटोवाला